साठ सेकंदांचं मिनिट

मी बोलतेय ती क्लिप केसांत खोचायची नव्हे, कागदांना लावायची नव्हे आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना लावायची तर मुळीच नव्हे. मी माणसाच्या मेंदूतल्या धमनीला लावायची क्लिप आहे. लांबीला तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी, रंगाने सोनेरी. माझ्यावर एकदा आळ आला होता. तो खोटा होता, आणि खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला विचारतंय कोण? म्हणून आज आपण होऊनच सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई डोळ्याला भिंग लावून बसायची. तिने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, एका नाजूक काट्यावर माझी पकड मोजली आणि तो आकडा माझ्या अंगावर कोरून घेतला. माझी पकड मुद्दाम हलकी ठेवलेली. माझ्या रुपेरी बहिणी घट्ट पकडीच्या. त्या एकदा बसल्या की माणूस जगेल तितकी वर्षं त्याच्या डोक्यात राहायच्या, त्याच्याबरोबर म्हाताऱ्या व्हायच्या. मी मात्र तात्पुरती. काम झालं की काढायची, धुवायची, पुन्हा डबीत ठेवायची. माझा सोनेरी रंगसुद्धा मिरवायला नाही. मी चटकन दिसावं आणि कुणी मला आत विसरू नये, एवढ्यासाठीच तो दिलेला आहे.

आमचं काम काय ते आधी सांगते. मेंदूतल्या एखाद्या धमनीची भिंत एका जागी पातळ होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. पुष्कळांच्या डोक्यात तो आयुष्यभर मुकाट पडून असतो, त्यांना पत्ताही लागत नाही. फुटला की मात्र माणूस डोकं धरून खाली बसतो, आणि कितीतरी जण पुन्हा उठत नाहीत.

त्याचा बंदोबस्त करायच्या वाटा दोन. एक म्हणजे मांडीतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो बुजवून टाकायचा. कवटी उघडायला नको, डोक्यावर टाके नकोत. त्या तारेचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पण फुग्याचं तोंड रुंद असलं की बाईसाहेबांची वेटोळी आत टिकत नाहीत, घसरून धमनीत येतात. मग आमची आठवण होते. कवटीचा एक तुकडा काढायचा, मेंदूच्या घड्या हळूच बाजूला करत फुग्यापर्यंत पोचायचं आणि त्याच्या मानेवर रुपेरी क्लिप बसवायची.

आता ताणलेल्या, टरटरलेल्या फुग्याला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून त्याच्या अलीकडे, रक्त येतं त्या बाजूला, आधी मला लावतात. मी रक्त अडवते. फुगा मऊ पडतो. तेवढ्यात डॉक्टर त्याची मान मोकळी करतात आणि मोठी क्लिप बसवतात. पण फुग्याचं रक्त अडवते म्हणजे पुढच्या मेंदूलाही मी उपाशी ठेवते. म्हणून माझा मुक्काम मिनिटांचा. मी बसले की ऑपरेशन थिएटरमधलं एक माणूस घड्याळाकडे बघून दर मिनिटाला मोठ्याने आकडा सांगतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांचा नियम सात मिनिटांचा होता. सात झाली की हातातलं काम जिथे असेल तिथे सोडायचं, मला काढायचं, मेंदूला थोडा वेळ रक्त पिऊ द्यायचं आणि मग पुन्हा लावायचं. हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला होता.

मोठे डॉक्टर तेव्हा काही एवढे मोठे नव्हते. ऑपरेशनआधी बोटातली अंगठी काढून ते सिस्टरांच्या हातात द्यायचे आणि सिस्टर ती खिशाच्या आतल्या बाजूला पिनेने अडकवून ठेवायच्या. सिस्टर म्हणजे थिएटरच्या सिस्टर. अवजारं मोजणं, मला धुणं, वाफेत घालून शुद्ध करणं आणि मिनिटं सांगणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. ठेंगण्या, बोलायला फटकळ, पण हात असा हलका की धुताना मला कधी ओरखडा आला नाही.

सुरुवातीला त्यांचं मिनिट अगदी चोख असायचं. ‘एक झालं’, ‘दोन झाली’, घड्याळाचा काटा वर आला की आकडा तोंडातून बाहेर. मग एका ऑपरेशनला असं झालं की ‘पाच’ ऐकल्यावर डॉक्टरांचा डावा हात थरथरला. माझ्या शेजारीच त्यांच्या चिमट्याचं टोक होतं, मला ते स्पष्ट जाणवलं. थोडं रक्त आलं, पण निभावलं. नंतर हात धुताना डॉक्टर सिस्टरांना म्हणाले की तुम्ही आकडा सांगता आणि मला वाटतं कुणीतरी पाठीस लागलंय. ते हसून म्हणाले खरं, पण चेहरा उतरलेला होता.

पुढच्या खेपेस सिस्टरांनी ‘चार’ म्हणायला जरा उशीर केला. पाच-सहा सेकंदांचा. ‘पाच’ला आणखी थोडा. डॉक्टरांचा हात स्थिर राहिला, क्लिप सुरेख बसली, पेशंट आठवड्यात चालत घरी गेला. कवटीच्या आतून मला घड्याळ दिसत नाही, पण मी धरलेल्या धमनीचे ठोके कळतात. त्या दिवशी मिनिटात जास्त ठोके मावले एवढं माझ्या ध्यानात आलं. सिस्टरांनी कुणाला फसवायला ते केलं नव्हतं. एका घाबरलेल्या माणसाला त्यांनी थोडी उसंत दिली होती, आणि ती उसंत त्याच्या उपयोगी पडली होती.

आणि मग ती सवय झाली. वर्षं गेली तशी सिस्टरांची मिनिटं लांबत गेली. पासष्ट सेकंदांची झाली, सत्तरची झाली. भूल देणारे डॉक्टर सिस्टर सांगतील तो आकडा कागदावर लिहीत. मोठे डॉक्टर खरोखर मोठे झाले. सहा मिनिटांत फुगा बंद करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं, लांबलांबून शिकाऊ डॉक्टर बघायला येऊ लागले. इतकी ऑपरेशनं सुखरूप पार पडली की माझ्यासुद्धा मनातली धाकधूक गेली. ठोके जास्त येतात हे मला कळायचं, पण पुढच्या मेंदूला सोसत होतं ना, मग मी कशाला जिवाला घोर लावून घेऊ?

आता ताईंबद्दल सांगायला हवं, आणि इथूनच मला जड जातं.

ताई हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर. तळमजल्यावर एका काचेच्या खोलीत बोर्डासमोर बसायच्या. कुठल्या डॉक्टरांना कुठे बोलावलंय ते त्या सांगायच्या आणि प्रत्येक छतातल्या स्पीकरमधून त्यांचा आवाज यायचा. म्हणून सगळे त्यांना छतातल्या ताई म्हणत. थिएटरमध्ये डबीत पडल्या पडल्या मी वर्षानुवर्षं तो आवाज ऐकला. धीमा, स्वच्छ, एकही शब्द न गिळणारा. ‘डॉक्टर, कृपया थिएटरमध्ये यावे’ हे वाक्य त्या अशा म्हणत की पेशंटचे नातेवाईकसुद्धा जरा निवांत होत. संध्याकाळी सहाला भेटीची वेळ संपल्याचं त्या सांगत तेही कुणाला हाकलल्यासारखं वाटत नसे. पुढे ते वाक्य त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवलं, म्हणजे रोज तेच तेच बोलायला नको.

सिस्टर आणि ताई एकाच वर्षी कामाला लागलेल्या. दुपारचा डबा दोघी एकत्र खायच्या. एकीने दुसरीच्या डब्यातलं खायचं आणि वर नावं ठेवायची, असं सोळा वर्षं चाललं होतं. ताईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मूलबाळ नव्हतं. घरी तो बोलायचा कमी, ताई बोलायच्या जास्त, आणि त्याला ते हवंच असायचं, असं सिस्टर मला धुताधुता दुसऱ्या सिस्टरांना सांगायच्या.

एके सकाळी एक साधं ऑपरेशन चाललं होतं. छतातून ताईंचा आवाज आला, ‘हाडांच्या विभागातले डॉक्टर, कृपया’, आणि पुढे काही आलंच नाही. माइक चालू होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही पडल्याचा. सिस्टरांनी छताकडे पाहिलं. हातातला ट्रे शेजारणीकडे देऊन त्या जिन्याकडे धावल्या. डोक्यात काहीतरी फुटलं, एवढंच ताई त्यांना म्हणू शकल्या.

फुगा डाव्या बाजूला होता. उजवा हात आणि बोलणं जिथून चालतं त्या भागाला रक्त नेणाऱ्या धमनीवर. पहिल्यांदा तारेचाच विचार झाला, पण फुग्याचं तोंड रुंद निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कवटी उघडून क्लिप लावायची असं ठरलं. सिस्टरांनी डॉक्टरांना सांगितलं की मी आत उभी राहणार नाही, ती माझ्या घरच्यासारखी आहे, माझ्या हातून काही व्हायचं नाही. डॉक्टर म्हणाले, “तुमचा आवाज नसेल तर माझा हात चालायचा नाही. तुम्ही नुसती मिनिटं सांगा.” सिस्टर नाही म्हणू शकल्या नाहीत. त्यांनी अंगठी घेतली आणि खिशात अडकवली.

सुरुवात चांगली झाली होती. फुग्याची मान अर्धी मोकळी झाली आणि मला लावायच्या आतच तो पुन्हा फुटला. सगळं लाल झालं. डॉक्टरांनी मला लावलं, मी धरलं, रक्त थांबलं. सिस्टर म्हणाल्या, ‘सुरू.’

‘एक’ यायलाच इतका वेळ लागला की मी चरकले. त्या दिवशी सिस्टरांची मिनिटं कधी नव्हती इतकी लांब होती. त्यांना आपल्या मैत्रिणीसाठी जास्तीत जास्त वेळ हवा होता, आणि वेळ देण्याचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता. धमनीचे ठोके माझ्या पकडीवर येऊन आपटत होते, पुढे जायला वाट मागत होते. मी वाट देत नव्हते. मला तेवढ्यासाठीच घडवलेलं आहे.

“किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“सात,” सिस्टर म्हणाल्या.

रुपेरी क्लिप तोवर मानेवर बसली होती. थोडी तिरकी होती, पण रक्त अडत होतं. नियमाप्रमाणे त्या क्षणी मला काढायला हवं होतं. डॉक्टरांनी ती क्लिप पुन्हा उघडली आणि सरळ बसवायला घेतली. आता अगदी नेटकी बसली. सिस्टर ‘नऊ’ म्हणाल्या आणि मला काढलं. काढताना धमनी माझ्या जबड्यातून सुटली, तिच्यात रक्त भरलं, रंगही आला. सगळ्यांनी श्वास सोडला. मी सोडला नाही, कारण ठोक्यांचा हिशेब माझ्यापाशी होता.

ताई जगल्या. फुगा कायमचा बंद झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, नवऱ्याला ओळखलं, सिस्टरांकडे पाहून हसल्या, आणि तोंड उघडलं तर शब्द आला नाही. उजवा हात पांघरुणावर तसाच पडून राहिला.

डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं की आम्ही फक्त नऊ मिनिटं रक्त थांबवलं होतं, एवढं बहुतेकांना सोसतं, काहींच्या मेंदूला नाही सोसत. मग आणखी एक कारण पुढे आलं. क्लिपची पकड जास्त घट्ट झाली असावी, त्यामुळे धमनीला आतून इजा झाली असेल, असं डॉक्टर म्हणाले. ती क्लिप म्हणजे मी. मला पाकिटात घालून तपासणीला पाठवलं. तिथे पुन्हा तो काटा, पुन्हा ते भिंग. माझी पकड माझ्या अंगावर कोरलेल्या आकड्याइतकीच भरली, केसभरही जास्त नाही. तसा कागदही माझ्याबरोबर आला. डॉक्टरांनी तो वाचला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला. मला मात्र परत ट्रेमध्ये पाठवलं नाही. एका काचेच्या बशीत घालून त्यांनी तपासणीच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं, नातेवाइकांना दाखवायला. इतकी वर्षं इमानाने राबून शेवटी मी टेबलावरची शोभा झाले.

पाच महिन्यांनी ताई तपासणीला आल्या. त्या दिवशी फार गर्दी होती, त्यांचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली. नवऱ्याने त्यांना खुर्चीत बसवलं. सिस्टर फाइल घेऊन दाराशी उभ्या होत्या. मधल्या काळात त्या ताईंकडे रोज जात होत्या, केस विंचरून देत होत्या, पण मिनिटांबद्दल त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढलेला नव्हता. डॉक्टर काही विचारणार एवढ्यात सहा वाजले आणि छतातून ताईंचा आवाज आला. भेटीची वेळ संपली आहे. कृपया पेशंटना विश्रांती घेऊ द्यावी. धीमा, स्वच्छ, एकही शब्द न गिळणारा.

ताईंनी वर पाहिलं. ओठ हलले, आपल्याच आवाजामागून जायला बघत होते. काही निघालं नाही. नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

डॉक्टरांनी पेन दाखवलं, हे काय म्हणून विचारलं. ताईंनी खूप जोर लावला, कपाळावर घाम आला, पण नाही जमलं. नवऱ्याकडे बोट करून हे कोण विचारलं, तेही नाही. मग नवराच म्हणाला की बोलायचं शिकवणाऱ्या बाईंनी एक गंमत दाखवली आहे. “आकडे येतात तिला. एकदा सुरुवात करून दिली की येतात.” डॉक्टरांनी मान डोलावली. शब्द गेले तरी पाठ झालेली ओळ कधीकधी डोक्यात शिल्लक राहते, असं ते म्हणाले. नवऱ्याने ‘एक’ म्हटलं.

आणि ताई बोलल्या. एक, दोन, तीन, चार. तोच आवाज, थोडा जाड झालेला. दहापर्यंत आल्यावर डॉक्टर शाबास म्हणाले, पण त्या थांबल्या नाहीत. पाच महिन्यांत तोंडातून धड निघत होतं ते एवढंच, आणि ते त्यांना सोडवत नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत मोजायची सवय लावली होती. ताईंची नजर काट्यावर होती. काटा एक घर सरकला की एक आकडा, ना आधी ना नंतर. वीस. तीस. चाळीस. सिस्टरांच्या हातातली फाइल छातीशी आवळली गेली. पन्नास. मी बशीतून सिस्टरांकडे बघत होते. कितीतरी वर्षांत त्यांनी पहिल्यांदा एक पुरं मिनिट ऐकलं, आणि ते किती लहान असतं ते त्यांना कळलं.

“साठ,” ताई म्हणाल्या आणि हसल्या.

सिस्टर दारापासून पुढे आल्या. “नऊ नव्हती,” त्या म्हणाल्या. “ताई, नऊ मिनिटं नव्हती गं. मी लांबवून सांगत होते. कायमच सांगते.” मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांचा थरथरलेला हात, पहिले पाच सेकंद, वाढत गेलेली सवय, आणि त्या सकाळी मैत्रिणीला वेळ मिळावा म्हणून ताणलेलं प्रत्येक मिनिट.

नवऱ्याला नीट समजलं नाही. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं डॉक्टर चिडतील, सिस्टरांवर ओरडतील. ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “आठ वर्षांपासून.”

व्याख्यानासाठी म्हणून त्यांनी एकदा आपल्याच ऑपरेशनचं रेकॉर्डिंग पाहिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसते. सिस्टर सहा म्हणाल्या तेव्हा तिथे सात मिनिटं होती. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही, कारण लोक त्यांना सहा मिनिटांचा डॉक्टर म्हणत होते. ताईंचं रेकॉर्डिंगही त्यांनी पाहिलं होतं. सिस्टर सात म्हणाल्या तेव्हा खरी नऊ मिनिटं वीस सेकंद झालेली होती. मला काढलं तेव्हा बारा. “सात ऐकलं तेव्हाच मला ठाऊक होतं की जास्त झालीत,” डॉक्टर म्हणाले. “तरी म्हटलं, आजवर निभावलंय. क्लिप जरा तिरकी होती, तशीच चालली असती. मला ती सरळ हवी होती. सिस्टरांच्या सातच्या आड मी उभा राहिलो.” मग त्यांनी माझी बशी पुढे सरकवली. “आणि हिचा काही दोष नव्हता. तेही मला माहीत होतं.”

माझ्यावरचा आळ असा गेला. इतके महिने मी त्याची वाट पाहिली होती, पण ताईंच्या चेहऱ्याकडे बघून मला काही आनंद झाला नाही.

नवरा आपल्या बोटांवरची काचेची बारीक पूड पुसत होता. शेवटी म्हणाला, “वेळेवर काढली असती तर बोलली असती का?”

डॉक्टर म्हणाले की खात्रीने नाही सांगता येत. कदाचित बोलली असती. कदाचित तरीही नाही.

“आमच्याकडे भिंगाचा नंबर चुकला तर गिऱ्हाईक पायरी चुकतं,” नवरा म्हणाला. “आम्ही काच बदलून देतो. तुम्ही काय बदलून देणार? तो आकडा तरी बदला. फाइलमध्ये नऊ खोडा आणि बारा लिहा. माझ्यासमोर लिहा.”

डॉक्टरांनी सिस्टरांच्या हातातून फाइल घेतली, नऊवर रेघ मारली, बारा लिहिलं आणि खाली सही केली. सिस्टर ताईंपाशी गेल्या आणि त्यांच्यापुढे हात केला. ताईंना सगळं समजलेलं होतं. शब्द गेले म्हणून समज जात नाही, हे लोक विसरतात. त्यांनी आपला चांगला हात मागे घेतला. मग तोच हात पुढे करून टेबलावरची बशी उचलली, माझ्यासकट, आणि निघाल्या. कुणी त्यांना अडवलं नाही.

पुढे चौकशी झाली. डॉक्टरांनी ऑपरेशनं करणं सोडलं. आता ते शिकाऊ डॉक्टरांना शिकवतात आणि पहिल्या दिवशी तेच रेकॉर्डिंग दाखवतात, असं ऐकलं. सिस्टरांना कपड्यांच्या कोठीत पाठवलं. थिएटरमध्ये लाल आकड्यांचं मोठं घड्याळ बसवलंय, ते आपलं आपण बोलतं आणि त्याला कुणाची कीव येत नाही. संध्याकाळी सहाचं वाक्य मात्र अजून ताईंच्याच आवाजात लागतं. ते बदलायचं सगळ्यांच्याच जिवावर येतं.

मी ताईंच्या स्वयंपाकघरात राहते, खिडकीच्या फळीवर, त्याच बशीत. एक ताई सोडल्या तर जन्मभर मी कुणापाशी सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त थांबले नव्हते. रुपेरी बहिणींचा मला हेवा वाटायचा, त्यांना कायमचं घर मिळतं म्हणून. आता मलाही मिळालंय. ज्या बाईचे शब्द माझ्या पकडीत गेले तिच्याच घरी. असं घर मी मागितलं नव्हतं.

ताई आकड्यांत बोलतात. पाणी हवं असलं तर ‘चार’, कंटाळा आला तर ‘अकरा, अकरा’, नवऱ्याला उशीर झाला तर दारातच ‘बावीस’, आणि ते असं म्हणतात की त्याला सगळं ऐकू जातं. आकड्याला अर्थ नसतो, सुरात असतो. नवरा आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. घरात इतकी शांतता त्याला झेपत नाही. कधीकधी दुकानातून घरी आणलेलं भिंग घासता घासता आपल्याशीच ‘कृपया’ म्हणतो, ताई म्हणायच्या तसं.

सिस्टर दर गुरुवारी येतात. पहिले दहा गुरुवार ताईंनी दार उघडू दिलं नाही. सिस्टर पायरीवर डबा घेऊन बसायच्या आणि तासाभराने उठून जायच्या. अकराव्या गुरुवारी ताई स्वतः दाराशी गेल्या. आत आणून त्यांना खुर्चीत बसवलं, माझी बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सिस्टरांना कळेना. ताई म्हणाल्या, “एक.” मग सिस्टर मोजू लागल्या. चाळिशीच्या पुढे त्यांचा आवाज जुन्या सवयीने रेंगाळला, तशी ताईंनी टेबलावर थाप मारली. पुन्हा एकपासून. पुन्हा रेंगाळला, पुन्हा थाप. तिसऱ्यांदा साठ बरोबर साठाव्या सेकंदाला आले. मग ताईंनी डबा उघडला, एक घास खाल्ला आणि पूर्वीसारखं तोंड वाकडं केलं. सिस्टर ओक्साबोक्शी रडल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी हेच चालतं. ताईंनी त्यांना माफ केलं का? मला सांगता येणार नाही. एवढं कळतं की त्या सिस्टरांना सोडत नाहीत, कुठल्याच अर्थाने.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी तुमच्या भरवशावर डोळे मिटून पडलं असेल आणि मिनिटं मोजायचं काम तुमच्याकडे असेल, तर मायेपोटीसुद्धा त्यात सेकंद घालू नका. आणि कुणी तुमच्या सोयीचा आकडा सांगत असेल, आणि तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच्या आड उभे राहू नका. खऱ्या आणि सांगितलेल्या आकड्याच्या मधल्या जागेत एक माणूस असतो आणि त्याला विचारता येत नाही.

बेल वाजली. आज गुरुवार. ताई दाराकडे निघाल्या आहेत, उजवा पाय जरा ओढत, पण घाईने. मी आता थांबते. साठ होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नसतं.